एका मतदाराचा देश

वडनेर भोलजी
२८ ऑक्टोबर २०२५

धम्मशीला,
जय भीम.

२४ तारखेला संध्याकाळी मलकापूर स्टेशनवर तुझी गाडी हलली आणि तू दारातून ओरडलीस, "फोन नको करत जाऊ मले! फोनवर तू कल्ला करतो. लिहून पाठव!" त्या घटकेपासून माझं सगळं बदललं. मी कल्ला करतो? मी फक्त मुद्दा मोठ्याने मांडतो. पण गाडी गेली होती आणि फलाटावर वाद घालायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून लिहितो आहे.

पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, "कशाचा अर्ज हाय?" म्हटलं, अर्ज नाही, पत्र. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुण्याला जातंय म्हटल्यावर तर पुन्हा एकदा पाहिलं.

मी चक्कीवरच आहे. दळण येतं, दळण जातं, माझ्या अंगावर पीठ राहतं. लोक अजून विचारतात, बीए अर्ध्यात काऊन सोडलं. मी अजून तेच सांगतो. प्राचार्यांनी वर्गाचा प्रतिनिधी आपल्या मनाने नेमला. मी म्हटलं मत घ्या. ते म्हणाले खाली बसा. मी खाली बसलो नाही, बाहेर पडलो. तू म्हणतेस, भांडण बरोबर होतं, बाहेर पडणं चूक. दीड वर्ष झालं, माझा निकाल अजून लागायचा आहे.

काल तुझे बाबा ज्वारी घेऊन आले होते. रंगरावकाका अख्ख्या चक्कीला सांगून राह्यले होते, "पोरगी पुन्यात देशाईले मार्क देते." देशांना मार्क? त्यांची काय तोंडी परीक्षा घेता का तुम्ही? आणि आपल्याला किती दिले, ते आधी सांग. कमी दिले असतील तर मी फोन करणार आहे.

बाकी मनातलं तुला माहीतच आहे. ते काय लिहायचं.

प्रसेनजित

*

पुणे
६ नोव्हेंबर २०२५

प्रसेन,
जय भीम.

पत्र मिळालं. हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी पाकीट हातात घेऊन झटकलं, तेव्हा टेबलावर पीठ पडलं. त्यांना वाटलं, कसली तरी पावडर पाठवली. मी सांगितलं, ज्वारी आहे, वास घ्या.

मी मार्क देत नाही. आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडम देतात, आणि त्याही एकट्या नाहीत, जगभर असे पुष्कळ जाणकार असतात. दरवर्षी त्यांच्याकडे प्रश्नांची मोठी यादी येते. विरोधकांना सभा घेता येते का? न्यायाधीश सरकारच्या विरुद्ध निकाल देऊ शकतो का? बाईला मनातलं मोकळेपणी बोलता येतं का? प्रत्येक उत्तराला एक आकडा द्यायचा. त्याच्या शेजारी दुसरा आकडा, तो मला जास्त आवडतो: या उत्तराची तुम्हाला किती खात्री आहे? मी फक्त वर्षभराची कात्रणं काढून देते. मग सगळ्यांचे आकडे एकत्र करतात, यादी छापतात, नॉर्वेसारखे देश वर दिसतात आणि बाकीच्या देशांत भांडणं लागतात.

आपल्याला किती, ते कोण मोजतं यावर आहे. एक संस्था आपल्याला 'सदोष लोकशाही' म्हणते. दुसरीचा शब्द याहून कडू आहे. फोन करू नकोस.

एक गंमत सांगते. काही मास्तर कडक असतात, काही सढळ. तसेच हे जाणकारही. मग कोण किती कडक, ते कळावं म्हणून त्यांना आधी मनाने रचलेले देश देतात. नाव नाही, नकाशा नाही, नुसतं वर्णन. त्याला ते किती देतात, त्यावरून मार्क देणाऱ्यालाच मोजतात. तुझ्यासाठी मी एक रचला आहे.

"या देशात निवडणूक वेळेवर होते. शाई, पेटी, पोलीस, सगळं तयार असतं. पण दर वेळी अर्ज मागे घ्यायच्या दिवशी एक सोडून सगळे अर्ज मागे घेतले जातात. भांडण नाही, मारामारी नाही. मिरवणूक निघते."

दहापैकी किती? आणि खात्री किती?

तुझी परीक्षक,
धम्मशीला

*

वडनेर भोलजी
१५ नोव्हेंबर २०२५

धम्मशीला,
जय भीम.

दहापैकी दहा. खात्री शंभर टक्के. यात विचार करण्यासारखं काय आहे? माझ्या मामाच्या गावची ग्रामपंचायत मागच्या वेळी बिनविरोध झाली. मामाच सरपंच. वेशीवर फलक लागला, 'एकीचे बळ'. एका माणसाचं डोकं फुटलं नाही. नॉर्वेत तरी होते का अशी निवडणूक? त्या परीक्षा घेणाऱ्यांना एकदा मामाच्या गावी आणा. मटण घालू.

तुझं पत्र वाचून मला जोर चढला. देशांना मार्क देता येतात तर घरांना काऊन नाही? चक्कीच्या पत्र्यावर मी खडूने यादी लिहिली. 'लोकशाही क्रमांक, घरनिहाय'. प्रश्न तीन: भाजी कोण ठरवतं, टीव्हीचा रिमोट कोणाकडे, सुनेला घरात मोठ्याने हसता येतं का. दुपारपर्यंत चक्कीवर दळणापेक्षा माणसं जास्त झाली.

वच्छलाबाई आल्या. त्यांच्या घराला तीन.

"काऊन रे, मह्या घराले तीनच?"

"आजी, तुमच्या घरात कोणाचं चालते?"

"महं! भाजी म्या ठरवतो, रिमोट मह्याजोळ, सून मले इचारल्याशिवाय पाणी पेत नाही. समदं बराबर चालू हाय. अन् तुनं तीन देल्ले?"

"म्हणूनच तीन देल्ले."

त्यांनी पदराने तीन पुसले आणि स्वतः खडू घेऊन नऊ लिहिले. आता तू सांग, असं तुमच्या यादीत चालतं का?

तुझ्या घराला मी चार दिले. मुद्दाम कमी नाहीत. रंगरावकाकांनीच चक्कीवर सांगितलं की, सुट्टीत तुला पाहायला जळगाव जामोदचे पाहुणे येणार. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे म्हणे. पोरगी पुण्याला देशांना मार्क देते आणि घरी तिला न विचारता पाहुणे बोलावतात! काकांनी यादीत चार वाचले, दळण न दळताच डबा उचलला आणि गेले. जाऊ देत. खरं बोललो.

तू काळजी करू नको. मी आहे इथं. मी पाहून घेतो.

प्रसेनजित

*

पुणे
२५ नोव्हेंबर २०२५

प्रसेन,

वच्छलाबाईंची गोष्ट मी मॅडमना सांगितली. त्या म्हणाल्या, "आजींना म्हणावं, पुष्कळ सरकारंही हेच करतात, फक्त पदर वापरत नाहीत." तुझी सुनेच्या हसण्याची कसोटीही त्यांना आवडली. वहीत उतरून घेतली. तुझं नाव विचारलं, कॉलेज विचारलं. मी म्हटलं, कॉलेज चक्कीत आहे.

पण दहापैकी दहा? त्यावर मात्र त्या चष्मा काढून हसल्या. तू सढळ मास्तर निघालास, तेही नेमका तिथे, जिथे निवडणूकच झाली नाही. ज्याने बाकड्यावर बसायच्या आधी मत मागितलं, तो तूच ना? प्राचार्यांनी नेमलेल्या त्या मुलाच्या विरुद्ध तरी कोण उभं होतं? तोही बिनविरोधच होता की.

एक कर. मामाच्या गावी जा. मामाला विचारू नकोस, ज्यांनी अर्ज मागे घेतले त्यांना विचार. का घेतला? मग पुन्हा मार्क दे.

आणि आमच्या घराचे मार्क दुरुस्त कर. बाबांनी मला विचारलं होतं. दोनदा. दिवाळीत समोर बसवून आणि नंतर फोनवर. मीच म्हटलं, येऊ द्या, मी बघते, बोलते, मग सांगते. मुलाचं नाव प्रेमानंद. गायीच्या पोटात हात घालतो म्हणे, मला ते जरा आवडलंच. बघायला काय जातंय?

बाबांना चार दिलेस, तेव्हा खात्रीचा आकडा लिहायचा राहिला. मला विचारलं असतंस तर लिहिता आला असता.

मी ३ जानेवारीला येते आहे.

धम्मशीला

*

वडनेर भोलजी
९ डिसेंबर २०२५

धम्मशीला,
जय भीम.

पत्र्यावर तुमच्या घराचे चार पुसून आठ केले. दोन राखून ठेवले, कारण गायीच्या पोटात हात घालण्यात आवडण्यासारखं काय आहे, ते मला समजलं नाही. काका अजून दुसऱ्या चक्कीवर जाऊन राह्यले आहेत.

परवा मामाच्या गावी गेलो होतो. अर्ज मागे घेणारे तिघं होते. पहिल्याला मामाने उपसरपंच केलं. दुसरा म्हणाला, "पोराची सोयरीक मोडली असती." तिसरी केसरबाई. सत्तरीची बाई, एकटी राहते. तिने हातपंपासाठी उमेदवारीचा अर्ज भरला होता. तिच्या वस्तीवर पंप नाही. मी विचारलं, मागं काऊन घेतला?

ती म्हणाली, "कोनी मारलं नाही बापा, कोनी शिवी देल्ली नाही. चाळीस मानसं येऊन मह्या ओट्यावर बसले. मावशी म्हनत, च्या पेत. उठतच ना. सकाळचे आले ते दिवस बुडला तरी बसेलच. मंग म्या सही केली. कपं तरी मोकळे झाले."

मी तिथून मामाकडे जेवायला गेलो नाही. मामी हाका मारत राहिली. चहा पाजून माणसाचं तोंड बंद करायचं आणि वर फलक लावायचा! तुझ्या त्या देशाला मी आता दोन देतो. खात्री पक्की. आणि मामाला तर मी एकही देत नाही.

बाकी ठीक. थंडी फार आहे इकडे. हरभरा चांगला आहे. जळगाव जामोदचे ते पाहुणे बहुतेक येणार नाहीत असं ऐकलं. ऐकलं म्हणजे, गावात बोलतात. तू मनाला लावून घेऊ नको. जे होतं ते बऱ्यासाठी.

प्रसेनजित

*

पुणे
१६ डिसेंबर २०२५

प्रसेनजित,

पूर्ण नाव लिहिलं आहे, यावरून काय ते समज.

काल बाबांचा फोन आला. आवाज बारीक होता. "पाहुण्याईनं नाही म्हनलं. पोरीचं पयलेच जमेल हाय, असं कोनं तरी सांगतलं त्याईले. खरं हाय का वं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं. लग्न माझं, बातमी गावाला, आणि मीच तेवढी अडाणी. बाबा म्हणाले, "असलं तं सांग, म्या रागावत नाही." मग फोन ठेवला. माझे बाबा फोन कधी आधी ठेवत नाहीत.

मी प्रेमानंदला फोन केला. तो हसत होता, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "एक तारखेले नांदुऱ्याच्या स्टँडवर एक जण भेटला. भुवयाईत पीठ होतं. बोलनं मोठं नरम. दोन कचोऱ्या चारल्या, च्या पाजला अन् म्हने, भाऊ, धम्मशीलाचं अन् महं ठरेल हाय, तुम्ही नाव मांगं घ्या. म्या म्हनलं, ठरेल असन तं आपन काऊन मधात पडा? घेतलं मांगं. कचोरी चांगली होती."

एक तारखेला तू त्याला चहा पाजलास. सात तारखेला केसरबाईच्या ओट्यावरच्या चहावरून चिडलास. नऊ तारखेला मला लिहिलंस, थंडी फार आहे, हरभरा चांगला आहे.

आता एक देश ऐक. याला मी नाव ठेवते, म्हणजे ओळखायला त्रास नको. देशाचं नाव प्रसेनजित. इथे एकच मतदार आहे. राज्यकर्त्याचं तिच्यावर फार प्रेम आहे, हे तो चक्कीवर सांगतो, स्टँडवर सांगतो, समोरच्या उमेदवाराला सांगतो. तिला सोडून सगळ्यांना सांगतो. तिच्यासाठी तो कोणाशीही भांडायला तयार आहे. तिला काय पाहिजे, हे विचारायला मात्र तयार नाही, कारण ते त्याला आधीच ठाऊक आहे.

दहापैकी किती? तूच लिही. आणि खात्री किती, तेही.

प्रेमानंदला मी सांगितलं की काही ठरलेलं नाही. तो म्हणाला, "तुमच्यावर भरोसा हाय. पन ज्यानं नाव मांगं घ्याले लावलं, त्यानंच येऊन सांगाव. मंग येतो." मला त्याचं म्हणणं पटलं.

धम्मशीला

*

वडनेर भोलजी
२० डिसेंबर २०२५

शून्य. खात्री शंभर टक्के.

कर त्या ढोराच्या डॉक्टरशीच लग्न. मी आता तुला पुन्हा पत्र लिहिणार नाही.

प्रसेनजित

*

पुणे
२६ डिसेंबर २०२५

प्रसेन,

पुन्हा पत्र लिहिणार नाही, हे तू पत्र लिहून कळवलंस. त्यावर पाच रुपयांचं तिकीटही लावलंस. आणि तो डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. भांडायचं तर हुद्दा नीट लिहून भांडावं.

शून्य असं सहसा कोणाला मिळत नाही. यादीच्या तळाशी असलेल्या देशालाही काही दशांश मिळतात. मी तुला अडीच दिले. दोन यासाठी, की तू हात उगारला नाहीस, कचोरी चारलीस. तुझा स्वभाव पाहता ही मोठी प्रगती आहे. अर्धा केसरबाईसाठी. तिच्या ओट्यावरून तू जेवायला गेला नाहीस, तो राग खरा होता. तो राग खोटा असता तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

तुझी सगळी पत्रं मी काल पुन्हा वाचली. चार आहेत. त्यांत मामा आहे, मटण आहे, हरभरा आहे, नॉर्वे आहे. पहिल्यात लिहिलंस, मनातलं तुला माहीतच आहे. काय माहीत हाय मले? कोणी विचारलं का? एका तरी पानावर विचारलं असतंस तर उत्तर द्यायला मला पान तरी मिळालं असतं.

माझं मत काय, ते इथे लिहिणार नाही. मत गुप्त असतं. बदलूही शकतं. आणि रिकाम्या मैदानात मी ते टाकणार नाही.

४ तारखेला रविवार आहे. मी घरी असेन.

धम्मशीला

*

वडनेर भोलजी
१ जानेवारी २०२६

धम्मशीला,
जय भीम.

तुझं पत्र परवा आलं. काल दिवसभर चक्की बंद ठेवली. वच्छलाबाई दार वाजवून गेल्या, "मेला का रे?" म्हणून. दार उघडलं नाही.

संध्याकाळी तुमच्या घरी गेलो. काका अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. मी उभ्यानेच सांगितलं.

"काका, मी खोटं बोललो. आमचं काही ठरेल नाही."

"मंग सांगतलं काऊन?"

"मले वाटलं, ठरेलच हाय."

"कोनासंगं ठरलं होतं?"

"मह्याच संगं."

त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. म्हणजे बस, असं. अर्धा तास आम्ही दोघं शेंगा निवडत बसलो. उठताना म्हणाले, "तू चार देल्ले होते तवा मले राग नवता आला. तू मले इचारलं नाही याचा आला होता. पोरीनं नाही म्हनलं तं तोंड वाकडं करशीन का?" मी म्हटलं, करीन. ते म्हणाले, "कर. पन तुह्या घरी कर."

धम्मशीला, मी त्या स्टँडवर जिंकलो असं समजून घरी आलो होतो. काल शेंगा निवडताना मनात आलं, तो मागे हटला, आणखी कोणी आला असता तर तोही हटला असता, आणि मग तू मला हो म्हटलं असतंस, तरी तू मला निवडलंस की मी नुसता उरलो होतो, हे मला जन्मभर कळलं नसतं. तुला कळलं असतं. तू कधी बोलली नसतीस. त्याचं मला फार भ्याव वाटलं. कोणाच्या रागाला मी भीत नाही, पण त्याला भ्यालो.

म्हणून आता विचारतो. याआधी मी कधी विचारलं नाही, त्यामुळे अक्षर वाकडं येऊन राह्यलं आहे.

तू माझ्याशी लग्न करशील का?

खाली अर्धं पान कोरं सोडतो आहे. तिथे काही लिही, लिहू नको, चार तारखेनंतर लिही, पुण्याला जाऊन लिही. नाही लिहिलंस तरी चालेल. चालणार नाही, पण लिही. माझ्याकडे चक्की आहे, अर्धं बीए आहे, आणि डोकं आहे ते तुला माहीत आहे. प्रेमानंदकडे सरकारी नोकरी आहे आणि तो कचोरीची तारीफ करतो, म्हणजे माणूस बरा असावा. हे मला लिहावं लागतंय, याचा मला अतिशय राग येऊन राह्यला आहे, पण खोटं लिहीत नाही.

हे पत्र टाकत नाही. जाता जाता तुझ्या आईच्या हातात देतो, म्हणजे परवा घरी पोचताच तुला मिळेल. नांदुऱ्याहून नऊची जळगाव जामोदची बस आहे. प्रेमानंदच्या दवाखान्यात जाऊन सांगतो की मी खोटं बोललो, जागा रिकामी आहे, रविवारी या. सांगून लगेच परत फिरणार. चहा पाजणार नाही.

माझी आई चुलीजवळून ओरडते आहे, "कुठी चालला रे सकाळी सकाळी अंग धुवून?"

म्हटलं, जळगाव जामोदले.

"काय काम हाय तिथं?"

"एकाले लग्नाले उभं करायचं हाय."

"अन् तू?"

"मी बी उभा हाय."

तिला काही समजलं नाही. म्हणते, जाय मंग, पन दार लावून जाय, शेजारच्या बकऱ्या घरात घुसतात.

पेन खिशात ठेवतो. निघालो. दार लावलं.

प्रसेनजित